सोडवायचं आणि सोडायचं

एप्रिलचा दुसरा आठवडा. लातूर. दुपारचे पावणेदोन. बाहेर ऊन इतकं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाचीच्या खोलीतलं घड्याळ तिच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं. ते काढून मी समोरच्या भिंतीला टांगलं, तिच्या टेबलापासून दहा फुटांवर. मनगटी घड्याळ, मोबाइल आणि तिचं आवडतं पेन खोलीबाहेर गेलं. कूलर बंद केला, कारण केंद्रावरच्या वर्गात नुसता पंखा असण्याचीच शक्यता जास्त. टेबलावर राहिलं ते एक साधं काळं बॉलपेन, प्रश्नपुस्तिका आणि ओएमआर उत्तरपत्रिका.

"मामा, सुरू करू का?"

"दोन वाजू दे."

ती पंधरा मिनिटं भाची हात बांधून बसली. नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, दिवशी जसं बसावं लागतं, तसंच. दोनला तिने पुस्तिका उघडली.

नीटचा हा तिचा दुसरा प्रयत्न होता. लातूरच्या भाषेत ती 'रिपीटर'. उद्योग भवनाच्या परिसरातल्या क्लासेसमध्ये अशी हजारो मुलं दरवर्षी असतात. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवहून आलेली ही मुलं मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची आणि रविवारची टेस्ट यांत वर्ष काढतात. आदल्या वर्षी तिचा अभ्यास कमी नव्हता. मग काय झालं, हे तिने मला एकदा एका वाक्यात सांगितलं होतं. ते वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि हा लेखही त्याच वाक्यातून निघाला आहे.

"मामा, तो एक प्रश्न मला सुटेना, आणि मी त्याला सोडेना."

भौतिकशास्त्राचं एक उदाहरण होतं. ओळखीचं, क्लासमध्ये चारदा केलेलं. तिचं उत्तर चार पर्यायांत नव्हतं. तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मान वर केली तेव्हा अकरा मिनिटं गेली होती. पुढच्या प्रश्नाला हात घातला तर अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. शेवटची घंटा झाली तेव्हा जीवशास्त्रातले सव्वीस प्रश्न वाचायचेच राहिले होते. जीवशास्त्र हा तिचा सर्वांत पक्का विषय.

एकाच मुळाचे दोन शब्द

मराठीत 'सोडवणं' आणि 'सोडणं' हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. आपण गाठ सोडवतो, गणित सोडवतो, अडकलेल्या माणसाला सोडवतो. आणि आपणच हट्ट सोडतो, वाट सोडतो, गाडी चुकली तर तीही सोडतो. आयुष्याला दोन्ही लागतात. शाळेत मात्र आपण मुलांना पहिलंच शिकवतो. 'एकही प्रश्न सोडू नकोस' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात, दहीसाखर हातावर ठेवताना बोललं जातं.

बोर्डाच्या परीक्षेत हा सल्ला योग्यच आहे. तिथे उत्तर लिहायचं असतं, पायऱ्यांना गुण असतात, सूत्र लिहून आकडे भरले तरी पदरात काही पडतं. राज्य मंडळाने २०२३पासून दहावी-बारावीच्या पेपरला शेवटी दहा मिनिटं वाढवूनही दिली. तीन तासांच्या त्या पेपरात न सुटणाऱ्या प्रश्नाशी थोडं झुंजणं परवडतं.

बहुपर्यायी परीक्षेची घडण वेगळी आहे. तिथे पायऱ्या कुणी पाहत नाही. अकरा मिनिटं घाम गाळून काढलेल्या उत्तराला जेवढे गुण, तेवढेच गुण वीस सेकंदांत ओळखलेल्या उत्तराला. बारा वर्षं एका घडणीत वाढलेली मुलं दुसऱ्या घडणीच्या परीक्षेला बसतात, आणि हा बदल त्यांना कुणी बसवून समजावलेला नसतो. अभ्यासक्रम शिकवणारे पुष्कळ आहेत. प्रश्न केव्हा सोडायचा, हे शिकवणारे फार थोडे. माझ्या मते वेळ सांभाळणं आणि मन सांभाळणं ही दोन वेगळी कौशल्यं नाहीतच. प्रश्न वेळेवर सोडता आला की दोन्ही सांभाळली जातात.

एकशे ऐंशी मिनिटांचा हिशेब

२०२५च्या नीटचा आराखडा साधा होता. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९०, असे १८० प्रश्न. वेळ दुपारी दोन ते पाच, म्हणजे १८० मिनिटं. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा, एकूण ७२०. त्याआधीची काही वर्षं दोनशे प्रश्नांतून १८० सोडवायची मुभा होती आणि २०२२पासून २०२४पर्यंत वेळ २०० मिनिटं होता. ती निवड आणि ती वाढीव वीस मिनिटं २०२५ला गेली.

'एका प्रश्नाला एक मिनिट' हे ऐकायला सोपं वाटतं, पण हे गणित खोटं आहे. त्यात ओएमआरवरचा गोल रंगवण्याचा वेळ धरलेला नाही. एका गोलाला पाच सेकंद धरले, तर १८० गोलांना पंधरा मिनिटं जातात. उरली १६५. यातली शेवटची पंधरा मिनिटं बाजूला ठेवलेल्या प्रश्नांसाठी राखायची, म्हणजे पहिल्या फेरीला दीडशे. भाचीने तिचा वाटा असा ठरवला होता: जीवशास्त्राला पंचेचाळीस मिनिटं, रसायनाला पंचेचाळीस आणि भौतिकला साठ. जीवशास्त्रात प्रश्नामागे अर्धं मिनिट, रसायनात एक मिनिट, भौतिकमध्ये ऐंशी सेकंद. दुसऱ्या कुणाचा वाटा वेगळा असेल. तो आधी कागदावर मांडलेला असणं महत्त्वाचं.

हा हिशेब मांडला की अकरा मिनिटांची किंमत कळते. जीवशास्त्रात अकरा मिनिटांत बावीस प्रश्न वाचून होतात. बावीस प्रश्न म्हणजे ८८ गुणांची संधी. चार गुणांच्या एका प्रश्नापायी तिने ८८ गुणांचं दार बंद केलं, आणि ते करताना तिला वाटत होतं की आपण चिकाटी दाखवतो आहोत.

'निगेटिव्ह'ची भीतीही हिशेबाने पाहावी. नीटमध्ये चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तर सरासरीने पाव गुण हाती लागतो. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर सरासरी पाऊण गुणाच्या जरा खाली येते, आणि दोन पर्याय उडवता आले तर दीड गुण. म्हणून दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उत्तर द्यावं. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर त्या पाव गुणाचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. सरासरी हजार प्रश्नांत दिसते. एका पेपरातल्या दहा प्रश्नांत ती उलटीही फिरते.

राज्याच्या सीईटीचा हिशेब निराळा. एमएचटी-सीईटी संगणकावर होते आणि तिथे चुकीला गुण वजा होत नाहीत. भौतिक आणि रसायनाचे मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण आणि १०८ सेकंद. इथे एकही प्रश्न कोरा ठेवून उठणं म्हणजे पदरचे गुण टाकून येणं. प्रश्नावरचा वेळ सोडायचा, उत्तर सोडायचं नाही. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे शंभर प्रश्न दोन तासांत असतात आणि चुकीला पाव वजाबाकी. सीसॅट या दुसऱ्या पेपरचे ऐंशी प्रश्नही दोनच तासांत, पण तो पेपर आता पात्रतेपुरता आहे आणि त्यात ३३ टक्के लागतात. तिथे लांबलचक उतारे पाहून छाती दडपते. ज्याला हा पेपर केवळ उंबरठा ओलांडण्यापुरता आहे हे आठवतं, तो अवघड उतारा शांतपणे ओलांडून पुढे जातो. प्रत्येक परीक्षेची वजाबाकी वेगळी, म्हणून सोडण्याचा नियमही वेगळा. तो परीक्षेआधी ठरवायचा असतो, वर्गात बसल्यावर नाही.

'ब्लँक' होणं म्हणजे काय

मुलं म्हणतात, "डोकं ब्लँक झालं." मोठ्यांना ते निमित्त वाटतं. ते निमित्त नव्हे, शरीराचं कामकाज आहे.

धोका वाटला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. ॲड्रिनलीन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात, श्वास वरवरचा होतो. वाघ समोर असेल तर हे सगळं कामाचं आहे. इथे समोर कागद असतो. गणित सोडवताना आपण आकडे, सूत्र आणि पुढची पायरी एकाच वेळी मनात धरून ठेवतो. ही मनातली पाटी लहान असते. तिच्यावर 'वेळ जातोय', 'बाबांनी कर्ज काढलंय', 'शेजारच्याने पान उलटलं' असं लिहिलं गेलं, की आकड्यांना जागाच उरत नाही. पाठ केलेलं पुसलेलं नसतं. ते काढून मांडायला पाटी रिकामी नसते. म्हणूनच वर्गाबाहेर पाऊल टाकताच उत्तर आठवतं, आणि मुलं कपाळावर हात मारतात.

परीक्षेच्या भीतीचे दोन भाग असतात हे रॉबर्ट लिबर्ट आणि लॅरी मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलं: एक शरीराची धडधड आणि दुसरा मनातली काळजी. गुणांना जास्त बाधा आणते ती काळजी. धडधड असतानाही माणूस चांगला पेपर लिहू शकतो. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये अमेरिकेतल्या जीआरईची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात काही जणांना सांगितलं होतं, की छातीतली धडधड कामगिरीला मदतही करू शकते. एवढं ऐकलेल्या मुलांनी गणिताच्या भागात बाकीच्यांपेक्षा चांगले गुण मिळवले. म्हणून 'घाबरू नकोस' या सल्ल्यापेक्षा 'छाती धडधडते आहे, म्हणजे शरीर तयार झालंय' हे सांगणं अधिक उपयोगी आणि अधिक खरं.

रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन यांनी १९०८मध्ये उंदरांवर केलेले प्रयोगही या संदर्भात सांगितले जातात. उत्तेजना फार कमी असली तरी शिकणं मंद, फार जास्त असली तरी बिघडतं. आणि काम जितकं अवघड, तितकी कमी उत्तेजना त्याला मानवते. भाचीने जीवशास्त्र आधी घ्यायचं ठरवलं त्यामागचं शहाणपण मला यात दिसतं. पहिल्या पंधरा मिनिटांत धडधड सर्वांत जास्त असते. त्या वेळी आठवून सांगायचे, सरळ प्रश्न हाताळावेत. हात बसला, चाळीस-पन्नास प्रश्न पदरात पडले, श्वास खाली आला, की मग आकडेमोडीकडे वळावं. पुस्तिकेतला क्रम पुस्तिका छापणाऱ्याचा असतो. सोडवण्याचा क्रम आपला.

एक प्रसिद्ध उपाय मात्र तोलून सांगितला पाहिजे. जेरार्डो रामिरेझ आणि सियन बायलॉक यांनी २०११मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं, की परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली तर भित्र्या विद्यार्थ्यांचे गुण वाढतात. हा उपाय जगभर गाजला. पण २०१८मध्ये दुसऱ्या संशोधकांनी गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यात हा परिणाम पुन्हा मिळाला नाही. लिहून ज्याला हलकं वाटतं त्याने घरी जरूर लिहावं. हमखास गुण वाढवणारा मंत्र म्हणून कुणी तो विकत असेल, तर घेऊ नये.

दार बंद झाल्यापासून घंटा होईपर्यंत

नीटच्या केंद्राचं दार दीडला बंद होतं. पेपर दोनला. तपासणी, बायोमेट्रिक, बाक शोधणं यात मूल बरंच आधी आत गेलेलं असतं. भीती वाढते ती या मोकळ्या वेळात, कारण हाताला काही काम नसतं. म्हणून त्या वेळेलाही काम नेमून द्यावं. वर्गातलं घड्याळ कुठे आहे आणि ते बरोबर चालतंय का, ते पाहायचं. बाक डुगडुगत असेल तर पर्यवेक्षकांना आत्ताच सांगायचं. पुस्तिका आणि ओएमआर हातात आल्यावर दोन्हींवरचा कोड जुळतो का ते पाहायचं. बैठक क्रमांक सावकाश भरायचा.

मग श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. याला पन्नास सेकंद लागतात. श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप थोडा उतरतो, म्हणून सोडणं लांबवायचं. श्वासाच्या बाबतीतही कळीचा शब्द 'सोडणं' हाच आहे. पण ज्याने घरी कधी केलं नाही त्याला परीक्षेत ते जमत नाही. भाची रोज अभ्यासाला बसताना पाच श्वास घेई. मार्चपर्यंत ती तिची सवय झाली होती, आणि सवय भीतीच्या वेळी आठवावी लागत नाही.

घड्याळ किती वेळा पाहायचं, हेही ठरलेलं हवं. दर प्रश्नानंतर पाहणारा मुलगा वेळ मोजत नसतो, काळजी मोजत असतो. भाचीने तीन वेळा ठरवल्या होत्या: पावणेतीन, साडेतीन आणि पावणेपाच. पहिल्या दोन वेळी विषय बदलायचा, तिसऱ्या वेळी उरलेल्यांकडे परतायचं. गोल भरण्याचा वेळ पहिल्या दोन वेळांत धरलेला नव्हता, म्हणून काटा काही मिनिटं पुढे गेला तरी घाबरायचं नाही, असं तिने स्वतःला आधीच बजावलं होतं.

एका पानाचं काम

एप्रिलमधल्या त्या दुपारी मी भाचीच्या मागे स्टुलावर बसून एक पान बारकाईने पाहिलं.

रसायनाचे आठ प्रश्न होते. पहिला वाचला, उत्तराच्या क्रमांकाभोवती पुस्तिकेतच गोल. दुसरा तसाच. तिसऱ्याला तिने सूत्र लिहिलं, पेन क्षणभर थांबलं, आणि समासात एक छोटं 'प' उमटलं. 'प' म्हणजे परत. पद्धत माहीत आहे, वेळ लागेल. पुढे गेली. पाचव्याला दोन पर्यायांवर काट मारली, समोर प्रश्नचिन्ह टाकलं. सातव्याला पूर्ण वाचूनही काहीच आठवलं नाही. तिथे एक आडवी रेघ. कुठेही एका मिनिटाच्या पुढे पेन अडकलं नाही. पान संपल्यावर ती ओएमआरकडे वळली आणि पाच गोल भरले. प्रत्येक गोलाआधी तिचे ओठ किंचित हलत होते. ती प्रश्नाचा क्रमांक म्हणत होती.

त्या पुटपुटण्याला कारण होतं. प्रश्न सोडून पुढे जाणाऱ्याला सर्वांत मोठा धोका ओएमआर घसरण्याचा. सत्तेचाळीस सोडला आणि अठ्ठेचाळीसचं उत्तर सत्तेचाळीसच्या ओळीत गेलं, की पुढची सगळी रांग एकेक घर वर सरकते. नीटच्या ओएमआरवर बॉलपेनने भरलेला गोल खोडता येत नाही. म्हणून प्रत्येक क्रमांक मनात म्हणायचा आणि पानागणिक भरायचं. सगळं शेवटी भरू म्हणणाऱ्याचे हात शेवटच्या दहा मिनिटांत थरथरतात, आणि एकेक भरणाऱ्याचं लक्ष १८० वेळा मोडतं. पानागणिक हा मधला रस्ता आहे.

उत्तर बदलावं का, हाही जुना वाद. 'पहिलं सुचलेलंच बरोबर असतं' असं मुलं एकमेकांना सांगतात. अमेरिकेत जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीकडून बरोबरकडे गेली होती आणि २५ टक्के बरोबरकडून चुकीकडे. बरोबर उत्तर बदलून चुकल्याची हळहळ जास्त लक्षात राहते, म्हणून तो समज टिकतो. तेव्हा बदलायला ठोस कारण सापडलं असेल तर बदलावं, नुसती धाकधूक असेल तर नाही. मात्र नीटमध्ये हा विचार गोल भरण्याआधी, पुस्तिकेतच उरकावा लागतो.

पावणेपाचला ती 'प'कडे परतली. काही उदाहरणं दोन ओळींत सुटली. तासाभरापूर्वी जिथे वाट दिसत नव्हती तिथे आता दिसली. यात नवल नाही. बाजूला ठेवलेल्या प्रश्नावर मन नव्याने बसतं आणि पहिल्या वेळी धरलेली चुकीची वाट सुटलेली असते. सोडलेला प्रश्न पुष्कळदा सोडल्यामुळेच सुटतो.

चार मे

रविवार, ४ मे २०२५. देशभरात बावीस लाखांवर विद्यार्थी नीटला बसले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर. हे प्रमाण कुठल्याही युक्तीने बदलत नाही, आणि वेळेचं नियोजन शिकवून जागा वाढतात असं कुणी सांगू नये. नियोजनाने एवढंच होतं की वर्षभर केलेल्या अभ्यासाचे गुण आपल्यापर्यंत पोचतात.

त्या दिवशी भौतिकशास्त्राचा पेपर विलक्षण अवघड निघाला. संध्याकाळी केंद्रांबाहेर अनेक मुलं रडत होती. आपण संपलो, असं प्रत्येकाला वाटत होतं. निकालाने काय दाखवलं ते पाहा. २०२४मध्ये सुधारित निकालानंतरही ७२०पैकी ७२० मिळवणारे सतरा जण होते. २०२५मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२वरून १४४वर आली. अवघड पेपर एकट्याला अवघड नसतो. पात्रता पर्सेंटाइलवर ठरते आणि प्रवेश गुणानुक्रमाने होतो, म्हणजे आपली तुलना पेपराशी नसून इतरांशी असते. लागोपाठ पाच प्रश्न सुटले नाहीत, तर मनाला सांगायचं वाक्य एकच: 'हे सगळ्यांना अडलेत.' ज्याला हे त्या क्षणी आठवतं, तो सहाव्या प्रश्नाकडे ताज्या डोळ्यांनी पाहतो. ज्याला आठवत नाही, त्याचा सहावाही जातो.

वेळ सांभाळण्याची जबाबदारी एकट्या मुलांची नाही, हेही इथे ठामपणे नोंदवलं पाहिजे. २०२४च्या नीटमध्ये काही केंद्रांवर विद्यार्थ्यांचा वेळ वाया गेला, त्याची भरपाई म्हणून १५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी पुन्हा परीक्षा ठेवली गेली. तिला ८१३ जण बसले. २०२५च्या परीक्षेत इंदूरला वादळाने वीज गेली आणि तिथले विद्यार्थी न्यायालयांच्या पायऱ्या चढले. पेपर उशिरा हाती आला किंवा घड्याळ बंद पडलेलं असेल, तर मुलाने त्याच क्षणी हात वर करून शांतपणे नोंद करायला सांगावं. तो त्याचा हक्क आहे. अपंगत्व असलेल्या पात्र उमेदवारांना तासामागे किमान वीस मिनिटांचा वाढीव वेळ मिळतो, हे गावाकडच्या किती पालकांना अर्ज भरतानाच माहीत असतं? शाळांनी ते नववी-दहावीतच सांगितलं पाहिजे.

फाटकाबाहेरच्यांसाठी

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर झाडाच्या सावलीत, टमटमच्या आडोशाला आईवडील बसलेले असतात. कुणी पोथी वाचत असतं, कुणी नुसतंच फाटकाकडे पाहत असतं. त्यांच्यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत घरात निदान पाच वेळा खरी परीक्षा घ्या. ज्या वेळेला पेपर असतो त्याच वेळेला, पूर्ण वेळ, भिंतीवरच्या घड्याळावर, फोन आणि पाहुणे बंद करून. नीट असेल तर दुपारी दोन ते पाच. जेवणानंतरची सुस्ती कशी येते आणि काय खाल्लं की येत नाही, हे मुलाला तेव्हाच कळतं. सुटलेले प्रश्न मोजून झाले की सोडलेलेही पाहा, आणि योग्य वेळी सोडलेल्या प्रश्नासाठी शाबासकी द्या. आपल्याकडे ती कुणी देत नाही.

दुसरी. आदल्या रात्री मुलाला झोपू द्या. त्या रात्री वाचलेल्या चार पानांपेक्षा झोपेने वर्षभराचं वाचलेलं जास्त हाताशी राहतं. आणि पेपर संपल्यावर फाटकातच 'किती सुटले?' विचारू नका. ज्यांचा दुसरा पेपर बाकी आहे त्यांच्या मनाच्या पाटीवर तुम्ही त्या प्रश्नाने लिहिता.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. परीक्षेतली धडधड नेहमीची आहे. पण मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, बोलायचं थांबलं असेल, 'माझं काही खरं नाही' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर हा वेळापत्रकाचा विषय राहिलेला नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास सुरू आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. परीक्षाही सोडता येते, एक वर्षही सोडता येतं. मूल सोडता येत नाही.

चार मेच्या त्या संध्याकाळी भाची फाटकातून बाहेर आली. चेहरा उतरलेला होता, ओठ कोरडे होते. मी काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली. अर्धी बाटली पिऊन झाल्यावर तीच बोलली.

"मामा, फिजिक्सने रडवलं. चौदा सोडले."

"बरं."

"पण वाचले सगळे."

१८० प्रश्नांपैकी न वाचलेला त्या दिवशी एकही नव्हता.